आधी वजन, मग दिवे, मग आवाज

७४६ वॉट. इंग्लंडातल्या सॉल्सबरीच्या नेम ऑडिओ कंपनीने २०१४ साली ‘स्टेटमेंट’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला, त्याच्या एका चॅनेलची ही ताकद. सातशे का नाही, साडेसातशे का नाही, नेमका ७४६च कशाला? शाळेतलं पदार्थविज्ञान थोडं जरी आठवत असलं तरी उत्तर सापडतं: एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. डाव्या स्पीकरला एक घोडा, उजव्याला दुसरा. गावाकडे एक एचपीची मोटार विहिरीतलं पाणी उपसून टाकीत चढवते. इथे तेवढ्या ताकदीवर दिवाणखान्यात बसून मारवा ऐकायचा. आला तेव्हा अख्ख्या संचाची किंमत सव्वा लाख पौंडांच्या आसपास होती.

महागड्या, म्हणजेच हाय-एंड अ‍ॅम्प्लिफायरांच्या दुनियेत असे आकडे आणि अशा वल्ली पावलोपावली भेटतात. खरं तर या यंत्राचं काम अगदी साधं. प्लेयरमधून आलेला किरकोळ सिग्नल घ्यायचा, स्पीकर हलवण्याइतका मोठा करायचा आणि त्यात पदरचं काही घालायचं नाही. म्हणजे चांगला अ‍ॅम्प तोच, जो आहे हे कळतच नाही. तरीही नवा अ‍ॅम्प समोर आला की आपलं मत बनतं ते गाणं सुरू व्हायच्या आधीच, आणि ते बनवण्यात कानांचा वाटा सगळ्यात कमी.

उचलून बघा

पहिली सलामी वजनाला. दोन माणसं धापा टाकत खोकं घेऊन आली की अर्धा कौल तिथेच लागतो. डॅन डागोस्टिनो या अमेरिकन डिझायनरच्या ‘रिलेंटलेस’चं वजन २५८ किलो आहे, आणि तो मोनो आहे. म्हणजे एका स्पीकरला एक. स्टिरिओ ऐकायचं असेल तर दोन घ्या आणि अर्धा टन घरात आणा. ताकद आठ ओहमला १५०० वॉट. जोडीची किंमत सुरुवातीला अडीच लाख डॉलर होती, आजच्या भावाने दोन कोटींच्या वर. गिरगावातल्या चाळीच्या लाकडी जिन्यावरून हे धूड तिसऱ्या मजल्यावर न्यायचंय असं मनात आणून बघा. बघितलंत? सोडून द्या.

याच डागोस्टिनोंनी १९८० साली क्रेल ही कंपनी उभी केली. नाव उचललं ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या १९५६च्या विज्ञानपटातून. त्यातल्या अचाट ताकदीच्या यंत्रांच्या मालकांचं, म्हणजे नामशेष झालेल्या परग्रहवासीयांचं ते नाव. पुढे स्वतःच्या नावाची कंपनी काढली तेव्हा ‘मोमेंटम’ या मॉडेलला घन तांब्याचे हीटसिंक बसवले आणि समोरचा मीटर केला तो उंची स्विस घड्याळाच्या तबकडीसारखा. कानापर्यंत पोचायच्या आधी गिऱ्हाइकाचे डोळे आणि हात काबीज करायचे असतात, हे या माणसाइतकं कुणाला कळलं नसेल.

वजन येतं कुठून? मुख्यतः ट्रान्सफॉर्मरमधून: लोखंडी गाभा आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. मग डब्याएवढे कॅपॅसिटर आणि उष्णता बाहेर फेकणारे हीटसिंक. पण वजन जास्त म्हणजे आवाज चांगला, असा काही नियम नाही. अमेरिकेतल्या बेंचमार्क कंपनीचा एएचबी२ सहा किलोच्या आत बसतो, चॅनेलला १०० वॉट देतो, आणि त्याचं डिस्टॉर्शन (आवाजातली भेसळ) ०.०००३ टक्क्यांच्या घरात आहे. तो एका हाताने उचलता येतो. म्हणूनच की काय, दुकानात त्याच्याकडे कुणी आदराने बघत नाही.

निळे डोळे

खोलीतले दिवे मालवले तरी ओळखू येतो तो मॅकिंटॉश. काळी काच, हिरवी अक्षरं आणि दोन निळे मीटर. कंपनी १९४९ची, आणि १९५१पासून न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात. (ॲपलच्या मॅकिंटॉशशी गल्लत नको, हे आडनाव आहे, संस्थापक फ्रँक मॅकिंटॉश यांचं.) हे निळे मीटर पाहून ‘आपल्याला हाच पाहिजे’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा अ‍ॅम्पला स्पीकरची वायरही जोडलेली नव्हती.

दिवाणखान्यात शहाण्या मुलासारखं बसणाऱ्या या कंपनीचं तारुण्य मात्र भलतंच गाजलेलं आहे. १९६९च्या वुडस्टॉक महोत्सवात त्या चिखलात बसलेल्या लाखोंच्या गर्दीला आवाज पोचवला तो मॅकिंटॉशच्या एमसी३५०० या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरांनी. १९७४ साली ग्रेटफुल डेड या बँडने रंगमंचामागे स्पीकरची भिंतच उभी केली, तिच्यामागेही डझनावारी मॅकिंटॉश होते आणि एकूण ताकद पंचवीस हजार वॉटच्या वर जात होती. त्या एमसी३५००ची नवी आवृत्ती कंपनीने २०२१ साली काढली. आता तो घरात लावायचा.

आणखी एक गंमत. नोव्हेंबर २०२४मध्ये मॅकिंटॉश बोस कंपनीने विकत घेतली. हाय-एंडवाले बोसच्या नावाने वर्षानुवर्षं नाकं मुरडत आले, त्यामुळे त्या आठवड्यात बऱ्याच जणांना घास गिळवला नसेल. बोसचे संस्थापक अमर बोस यांचे वडील बंगाली क्रांतिकारक, इंग्रजांच्या तावडीतून निसटून अमेरिकेला गेलेले. मुलगा एमआयटीत प्राध्यापक झाला, आणि २०११ साली त्याने कंपनीचे बहुसंख्य शेअर एमआयटीलाच देऊन टाकले. म्हणजे बिंगहॅम्टनच्या निळ्या मीटरांमागे आता एका बंगाली घराण्याचं नाव आहे.

त्या मीटरांत एक चहाडीखोर गुण आहे, तो विकत घेतल्यावरच कळतो. काट्यामागची पट्टी वॉटमध्ये आखलेली असते. रात्री जेवणं झाल्यावर नेहमीच्या आवाजात गाणं लावा आणि काट्याकडे बघा. तीनशे वॉटच्या अ‍ॅम्पचा काटा एकाच्याही अलीकडे रेंगाळत असतो. तबल्याच्या थापेला जरा उडी मारतो, परत खाली.

एक वॉट पुरे

याचं गणित सोपं आहे आणि दुकानदार ते सहसा सांगत नाहीत. घरगुती स्पीकर साधारण एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो. म्हणजे बायको आतून ‘जरा हळू’ म्हणेल इतका. पुढे मात्र चढण अवघड. ताकद दुप्पट केली की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, आणि त्यासाठी ताकद दहापट लागते. पन्नास वॉटचा अ‍ॅम्प काढून शंभरचा आणला तर घरच्यांना फरक कळतो तो बँकेच्या पासबुकात.

मोठ्या वॉटचा उपयोग नाही असं नाही. संगीतातले अचानक येणारे उसळते क्षण, अवघड स्पीकर, मोठी खोली, यांना राखीव ताकद लागते. पण रोजचं ऐकणं घडतं ते पहिल्या वॉटमध्येच. नेल्सन पास या अमेरिकन डिझायनरने तर आपल्या धाकट्या कंपनीचं नावच ‘फर्स्ट वॉट’ ठेवलं. या पास यांच्याच थ्रेशोल्ड कंपनीचे अ‍ॅम्प १९८२च्या एका प्रसिद्ध फोटोत आहेत. स्टीव्ह जॉब्स घरात जमिनीवर बसलाय, हातात चहाचा कप, शेजारी एक दिवा. फर्निचर म्हणून काही नाही. पण मागे थ्रेशोल्डचे अ‍ॅम्प, टर्नटेबल आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर व्यवस्थित मांडलेले. सोफा कोणता घ्यावा हे त्याचं ठरत नव्हतं म्हणे. अ‍ॅम्पबद्दल तशी अडचण आलेली दिसत नाही.

आणि वॉटांच्या शर्यतीत सगळ्यांना चीत करणारा गडी केवढा? वीस वॉटचा! १९७८चा एनएडी ३०२०. दिसायला करडा-काळा ठोकळा, बटणं हलकी, रूप म्हणून काही नाही. डिझायनर नॉर्वेचे एरिक एडवर्डसन. कागदावर वीस वॉट, पण अवघड स्पीकर समोर आला आणि गाण्यात उसळी आली की क्षणभर तो कितीतरी जास्त देऊन जायचा, आणि दम संपला की करकर न करता जरा मवाळपणे हार मानायचा. दहा लाखांच्या वर खपला. हाय-फायच्या इतिहासात एवढा खपलेला दुसरा अ‍ॅम्प दाखवणं कठीण. पहिल्या नजरेत त्याच्यावर कुणी फिदा झालं असेल, असं मला वाटत नाही.

पीएमपीओ: एक आठवण

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टू-इन-वन होता त्यांना पुढच्या भागावरचं ते चंदेरी स्टिकर आठवत असेल. १००० वॉट पीएमपीओ! शेजाऱ्याकडे २००० वॉट! आणि मागे जाऊन अ‍ॅडॉप्टर बघितला तर बारा व्होल्ट, एक अँपिअर. गुणाकार करा: बारा वॉट. बाकीचे नऊशे अठ्ठ्याऐंशी कुठून यायचे?

हा उद्योग आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेत साठच्या दशकात वॉटच्या जाहिराती इतक्या सैल सुटल्या की फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली नियम करावा लागला: अ‍ॅम्पची ताकद कशी मोजायची, कुठल्या परिस्थितीत, डिस्टॉर्शन किती धरून. पन्नास वर्षांनी, २०२४ साली, तो नियम त्यांनी पुन्हा आवळला. म्हणजे थापा मधल्या काळात बंद पडल्या नव्हत्या.

बोटीवरचं वर्तमानपत्र

२ ऑगस्ट १९२७ची सकाळ. हॅरोल्ड ब्लॅक नावाचा बेल लॅब्जचा तरुण इंजिनियर हडसन नदीच्या फेरीबोटीतून मॅनहॅटनला कामावर निघालाय. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनीवर ओळीने अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागत, आणि प्रत्येक अ‍ॅम्प आपली थोडी घाण आवाजात मिसळी. शेवटी पलीकडच्याला ऐकू यायची ती खरखर. ब्लॅक वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागला होता.

बोटीत एकदम सुचलं. अ‍ॅम्पमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत सोडायचा. चूक आणि उलटी चूक एकमेकींना खातील. आवाज मोठा होण्याचं प्रमाण घटेल, पण जो निघेल तो स्वच्छ. जवळ कागद नव्हता. हातात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ होता, त्याच्याच पानावर आकृती आणि समीकरणं काढली. कष्टाने कमावलेली ताकद परत आत ओतायची, ही कल्पना तेव्हा इतकी उफराटी वाटली की पेटंट मिळायला नऊ वर्षांहून जास्त लागली. १९२८चा अर्ज १९३७ साली मंजूर झाला. आज तुमच्या मोबाइलपासून कोटीच्या अ‍ॅम्पपर्यंत जवळजवळ सगळीकडे हे निगेटिव्ह फीडबॅक बसलेलं आहे.

जवळजवळ म्हणतो, कारण हाय-एंडमध्ये एक पंथ असा आहे की जो फीडबॅकच्या नावाने बोटं मोडतो. ‘झिरो फीडबॅक’ अशी पाटी अभिमानाने लावतो. माझं मत विचाराल तर नीट वापरलेल्या फीडबॅकने कुणाचं गाणं बिघडवल्याचं मला तरी ऐकू आलेलं नाही.

काच तापते

त्या पंथाचं दैवत म्हणजे ३००बी. हातात मावेल एवढा काचेचा व्हॉल्व्ह, वर फुगीर, कमरेत बारीक. वेस्टर्न इलेक्ट्रिकने तो १९३०च्या दशकात काढला. त्या काळच्या सिनेमागृहांतल्या अ‍ॅम्प्लिफायरांत तो असे. एका चॅनेलला एक ३००बी लावला की मिळतात जेमतेम आठ वॉट, आणि त्या आठ वॉटांसाठी माणसं लाखो रुपये मोजतात. १९८८ साली कंपनीने तो बनवणं बंद केलं होतं. मागणी एवढी राहिली की पुढे परत सुरू करावं लागलं. आता तो जॉर्जिया राज्यातल्या रॉसव्हिल इथे बनतो.

जपान्यांनी याच्यावरही कडी केली. हिरोयासू कोंडो यांच्या ‘ओंगाकू’ अ‍ॅम्पमध्ये तांब्याच्या जागी चांदीची तार आहे, ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांसकट. व्हॉल्व्ह वापरले ते रेडिओ प्रक्षेपणासाठी बनवलेले २११. ताकद सत्तावीस वॉट. धनत्रयोदशीला पूजेला मांडायला हरकत नाही.

व्हॉल्व्हचा बाजार आता मुख्यतः तीन देशांवर उभा आहे: रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया. युक्रेनमधलं युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२मध्ये रशियाने निर्यात रोखली आणि जगभरच्या गिटारवाल्यांची आणि हाय-फायवाल्यांची एकदम पळापळ झाली; लोकांनी साठे करायला सुरुवात केली, भाव चढले. रशियात साराटोव्ह इथे हे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याचा मालक मात्र माइक मॅथ्यूज नावाचा न्यूयॉर्कचा माणूस.

आपल्याकडेही हा धंदा होता. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची, आणि तिचे जुने ईएल८४ आजही परदेशी हौशी मंडळी शोधत असतात. लॅमिंग्टन रोडला एखाद्या जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर खोकं निघालं तर नशीब. पुण्याच्या केडन्स कंपनीने तर इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणि व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प बनवून परदेशातल्या हाय-एंडवाल्यांना विकले. पुण्यातही फार जणांना हे माहीत नसतं, आणि पुणेकराला पुण्याबद्दल माहीत नाही अशा गोष्टी तशा थोड्याच.

गप्प बसला की जास्त तापतो

ट्रान्झिस्टरमध्येही भट्टीची हौस भागते, त्याला क्लास ए म्हणतात. यात ट्रान्झिस्टरमधून वीज सतत, पूर्ण दाबाने वाहत ठेवायची, गाणं असो वा नसो. परिणाम असा की क्लास ए अ‍ॅम्प सगळ्यात गरम असतो तो काहीही वाजत नसताना. गाणं लावलं की थोडी वीज स्पीकरकडे जाते आणि अ‍ॅम्प किंचित गार होतो. १९७७चा मार्क लेव्हिन्सन एमएल-२ पंचवीस वॉट आवाज द्यायला चारशे वॉटच्या आसपास वीज ओढायचा. आणि तो एकाच चॅनेलचा, स्टिरिओसाठी दोन.

या घराण्यातला सगळ्यात खट्याळ म्हणजे म्युझिकल फिडेलिटीचा ए१. १९८५ साली टिम दे पाराविचिनी यांनी तो आखला. बारका, पातळ, आणि वरचं झाकण हाच हीटसिंक. हात ठेवला की चटका. ही कीर्ती असूनही (की तिच्यामुळेच?) कंपनीने २०२३ साली तो परत आणला, त्याच रूपात, त्याच गरम डोक्याने. इंग्लंडच्या थंडीत ठीक आहे. नागपुरात मे महिन्यात कुणी लावत असेल तर त्याच्या संगीतप्रेमाला माझा दुरूनच नमस्कार.

याच्या उलट टोकाला क्लास डी. ट्रान्झिस्टर एका सेकंदात लाखो वेळा चालू-बंद, चालू-बंद; त्यामुळे वीज वाया फार कमी जाते आणि अ‍ॅम्प थंडगार. घरगुती बाजारात हे पहिल्यांदा आणलं ते इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी, १९६४ साली, एक्स-१० नावाच्या संचातून. नावात दहा वॉट, प्रत्यक्षात अडीचच्या आसपास. तेव्हाचे ट्रान्झिस्टरच तेवढे चपळ नव्हते. पुढे बेल्जियमच्या ब्रूनो पुट्झाइस यांनी या तंत्राचं नशीब पालटलं. त्यांच्या चमूने २०१९ साली पुढे आणलेली प्युरिफाय मॉड्यूल एनएडीच्या एम३३मध्ये आली, आणि २०२४ साली मॅरँट्झने पंधरा हजार डॉलरच्या ‘मॉडेल १०’मध्येही तेच तंत्र वापरलं. दहा वर्षांपूर्वी हाय-एंडच्या दुकानात क्लास डीचं नाव काढलं तर ‘सबवूफरला ठीक’ असं उत्तर मिळायचं.

कार्व्हरची पैज

आता या दुनियेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १९८५. बॉब कार्व्हर हा अमेरिकन डिझायनर ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना म्हणाला: तुम्हाला आवडणारा कुठलाही अ‍ॅम्प आणा, वाटेल तेवढा महाग. माझ्या स्वस्तातल्या अ‍ॅम्पमध्ये फेरफार करून मी अठ्ठेचाळीस तासांत त्याचा आवाज हुबेहूब काढून दाखवतो. तुम्हाला फरक ओळखता येणार नाही.

संपादक गालात हसले असतील. त्यांनी एक भलामहाग व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प निवडला. नाव लेखात गुलदस्त्यातच ठेवलं. कार्व्हरचा अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा. न्यू मेक्सिकोतल्या सांता फेमध्ये तो खोली घेऊन बसला, सोल्डरिंग आणि पार्टांचा पसारा मांडून.

त्याची रीत मोठी डोकेबाज. दोन्ही अ‍ॅम्पना एकच गाणं द्यायचं आणि एकच स्पीकर दोघांच्या मध्ये जोडायचा, एका अ‍ॅम्पच्या लाल टर्मिनलपासून दुसऱ्याच्या लाल टर्मिनलपर्यंत. दोघे तंतोतंत एकसारखं वागत असतील तर स्पीकरच्या दोन टोकांना सारखाच व्होल्टेज, म्हणजे स्पीकर मुका. त्यातून जे काही ऐकू येईल तो दोघांमधला फरक, शुद्ध फरक. मग तो फरक ऐकत ऐकत आपल्या अ‍ॅम्पचे अवगुण वाढवायचे. हो, वाढवायचेच! व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचे दोषही हुबेहूब उतरवायचे होते ना. दरम्यान संपादक ऐकायचे आणि म्हणायचे, अजून फरक आहे, खर्जात ढिलेपणा वेगळा आहे. तो परत खोलीत.

शेवटी तो फरक मूळ आवाजापेक्षा ७० डेसिबल खाली गेला, म्हणजे स्पीकर जवळजवळ निपचित. आणि संपादकांनी मान्य केलं, फरक कळत नाही. कार्व्हरने पुढे या कसरतीवरून एम-१.०टी नावाचं मॉडेल बाजारात आणलं. कारखान्यातून निघालेले नग त्या हाताने जुळवलेल्या नगाइतके तंतोतंत जुळत नाहीत, असं त्याच मासिकाने नंतर मोजून दाखवलं आणि दोन्ही बाजूंनी भांडण रंगलं ते रंगलंच. पण तोपर्यंत ‘व्हॉल्व्हची जादू’ नावाच्या गोष्टीला स्क्रूड्रायव्हर लागून गेला होता.

याच वाटेने पुढे रिचर्ड क्लार्क याने उघड आव्हान दिलं. दोन अ‍ॅम्पचा आवाज नीट जुळवून घ्या, डोळ्यांनी न बघता ओळखून दाखवा, दहा हजार डॉलर घेऊन जा. कित्येकांनी कान आजमावले. पैसे त्याच्याकडेच राहिले.

नवा कोरा, पण आजोबांसारखा

हल्ली ‘नवीन आलंय’ म्हणून खोकं उघडावं तर आतून १९६७ निघतं. क्वाडने तेव्हाची ३३ आणि ३०३ ही जोडी २०२४ साली परत आणली, त्याच बुटक्या रूपात. नेमने ‘नेट ५०’ काढला तो १,९७३ नगच, कारण कंपनीचा जन्म १९७३चा. १९२५ साली ओसाकातल्या एका चित्रांच्या चौकटींच्या दुकानात रेडिओचा विभाग म्हणून सुरू झालेल्या लक्समनने शंभरी साजरी केली ती शताब्दी मॉडेल काढून. या सगळ्यांत मला तरी क्वाडची जोडी देखणी वाटते. तांत्रिक कारण विचारू नका.

दुकानात बसल्यावर

डेमो रूमचा थाट ठरलेला. जाड गालिचा, मंद दिवे, एकच खुर्ची बरोबर मधोमध. अ‍ॅम्प चालू केला की लगेच आवाज येत नाही. आत काही सेकंद व्होल्टेज स्थिर होऊ देतात आणि मग रिले ‘टक्’ करून स्पीकर जोडतो. या ‘टक्’ने लोक भारावतात, असं माझं निरीक्षण आहे. नंतर नॉब. घन अ‍ॅल्युमिनियमचा, तेलात फिरल्यासारखा. आवाज किती वाढला यापेक्षा बोटांना कसं वाटलं, हेच मित्रांना फोनवर सांगितलं जातं.

इथे एक डाव सांभाळा. दोन अ‍ॅम्पची तुलना करताना एक जरी अर्धा डेसिबल मोठा वाजला, तरी कान त्याला ‘मोठा’ म्हणत नाही. ‘मोकळा’ म्हणतो, ‘स्वच्छ’ म्हणतो, ‘गायक समोर बसलाय’ म्हणतो. विकणाऱ्याला हे माहीत असतंच असं नाही, पण जो अ‍ॅम्प खपवायचाय त्याचा नॉब जरा पुढे जातोच. उपाय लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो: मल्टिमीटर. दोन्ही अ‍ॅम्पवर एकसुरी टेस्ट टोन लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा. एकावर २.८३ आणि दुसऱ्यावर २.८६ आला तर फरक साधारण एक दशांश डेसिबल. एवढं जुळलं की मग गाणं लावा. मल्टिमीटर काढल्यावर दुकानात जी शांतता पसरते, ती मात्र कुठल्याच अ‍ॅम्पला जमलेली नाही.

आणि गाणं आपलं न्या. दुकानातली ती अमेरिकन जॅझ गायिका सगळ्याच अ‍ॅम्पवर गोड गाते. तानपुऱ्यांची जोडी नुसती सुटी लावा: जवारी लागलेल्या तारेतून निघणारे बारीक सूर आणि मागे पसरणारी आस, दोन तानपुरे वेगळे कळतात का ते बघा. मग बायाँ. तळहात दाबत नेऊन काढलेला ‘घे’ चढताना सूर दाखवतो, की नुसतं ‘धुम्म’ होतं? शेवटी गाणं बंद करून, नॉब नेहमीच्या जागी ठेवून, ट्वीटरला कान लावा. फुसफुस ऐकू आली तर ती घरीही तुमच्या सोबतीला येणार आहे.

खांब

अ‍ॅम्प झाला, वायरी झाल्या, मग माणूस विजेकडे वळतो. जपानमधल्या काही शौकिनांनी शेजाऱ्यांचे फ्रिज आणि एसी आपली वीज ‘घाण’ करतात म्हणून घरासमोर स्वतःचा विजेचा खांब उभारून घेतला आहे, त्यावर फक्त आपल्या घरासाठी ट्रान्सफॉर्मर. अमेरिकन वर्तमानपत्रांनी २०१६ साली याच्या बातम्या दिल्या. खर्च दहा हजार डॉलरच्या आसपास. आमच्याकडे महावितरणकडे असा अर्ज केला तर कुठल्या टेबलावर जाईल, हे पाहायला मला आवडेल.

त्या खांबावरून घरात येते ती वीज १०० व्होल्टची, पूर्व जपानात ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. ओसाका-टोकियोहून कुणी भाऊ-भाचा जुना लक्समन किंवा अ‍ॅक्युफेज स्वस्तात घेऊन आला, तर खोकं उघडल्या उघडल्या मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे १०० लिहिलेलं असेल तर मधे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, अ‍ॅम्प ओढतो त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा. आपल्या भिंतीतून २३० येतात.